परागंदा पत्रकार, बिनपदाचा मुत्सद्दी : आक्विनो द ब्रागांझा

आक्विनो द ब्रागांझा यांचा जन्म ६ एप्रिल १९२४ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात झाला. त्यांचे पुढचे आयुष्य फ्रान्स, मोरोक्को, अल्जीरिया आणि अखेर मोझांबिक या देशांत गेले. शिक्षण भौतिकशास्त्राचे, पेशा पत्रकाराचा आणि शिक्षकाचा. कोणत्याही वकिलातीत ते राजदूत म्हणून बसले नाहीत. तरीही पोर्तुगालचे आफ्रिकेतील साम्राज्य कोसळत असताना, १९७४ च्या मध्यावर, लिस्बनचे नवे सत्ताधारी आणि मोझांबिकची मुक्तिसंघटना फ्रेलिमो यांच्यातील बोलणे ज्यांच्यामुळे मार्गी लागले, त्यांत ब्रागांझांचे नाव वरचे आहे. गोव्याच्या मुक्तिलढ्याची मराठीतील हकिगत बहुधा १९ डिसेंबर १९६१ या दिवशी संपते. ब्रागांझांच्या चरित्रात तो दिवस मध्यावर येतो. साम्राज्याविरुद्धची त्यांची लढाई त्यानंतरही तेरा वर्षे चालली, आणि ती त्यांनी स्वतःची मायभूमी मुक्त झाल्यावर दुसऱ्यांच्या भूमीसाठी लढली.

त्यांच्या बालपणीचा गोवा हा मुका होत चाललेला गोवा होता. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले तेव्हा गोव्यात छापखाने आणि वृत्तपत्रे यांना थोडा मोकळा श्वास मिळाला होता. १९२६ च्या लष्करी उठावाने तो संपवला. १९३० च्या वसाहत कायद्याने पोर्तुगालच्या वसाहतींतील प्रजेला दुय्यम ठरवले. त्या कायद्याचा निषेध लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात त्याच वर्षी केला आणि गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. पुढे त्यांचे ‘प्रकाश’ हे पत्र बंद पडले. सालाझार यांची राजवट स्थिरावल्यावर प्रत्येक छापील ओळ सेन्सॉरच्या हातून जाऊ लागली, लग्नपत्रिकासुद्धा. पणजीच्या लिसेव या पोर्तुगीज शाळेत पोर्तुगालचे राजे, दर्यावर्दी आणि कवी यांचा अभ्यास होई; भारताचा इतिहास त्या अभ्यासक्रमात जवळपास नव्हताच. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांनी १९४४ मध्ये गोमंतकीयांच्या विराष्ट्रीकरणावर पुस्तिका लिहिली, ती याच अनुभवावर.

सीमेपलीकडे ब्रिटिश मुलखात तेव्हा वेगळे वारे होते. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. मुंबईची वीज तोडण्यासाठी विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे हे नायक होते. त्या दिवशी आक्विनो ब्रागांझा अठरा वर्षांचे होते. त्यांच्या गोव्यात असा दस्ता उभा राहणे तर दूरच, सभा घेण्याचीही मुभा नव्हती. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात सभेचा हा बंदीहुकूम मोडला. त्यानंतर धरपकड झाली. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना पोर्तुगालला नेऊन पेनिशच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. गोव्यातील सुशिक्षित तरुणापुढे तेव्हापासून दोनच वाटा उरल्या : गप्प राहणे किंवा बाहेर पडणे.

ब्रागांझा बाहेर पडले. पण त्यांची पहिली वाट राजकारणाची नव्हती, पोटाची होती. हजारो गोमंतकीयांप्रमाणे नोकरीसाठी ते १९४० च्या दशकाच्या अखेरीस मोझांबिकला गेले. हा प्रवास गोव्याला नवा नव्हता. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याच्या गव्हर्नरकडूनच चाले. त्यानंतरही तिथले कारकून, टपाल खात्यातले कर्मचारी, शिक्षक, डॉक्टर आणि पाद्री यांत गोमंतकीय मोठ्या संख्येने असत. वर्णाच्या उतरंडीत त्यांची जागा गोऱ्यांच्या खाली आणि काळ्यांच्या वर होती. काळ्या माणसाला सक्तीच्या मजुरीला जुंपले जाई. त्या मजुरीचे तिथले नाव शिबालो. पोर्तुगीज भाषा, ख्रिस्ती धर्म आणि युरोपी राहणी यांची परीक्षा देऊन मूठभर आफ्रिकी ‘सुसंस्कृत’ ठरत. बाकीचे कायद्याने नेटिव्ह. गोव्यात जी माणसे स्वतः पारतंत्र्यात होती तीच इथे राज्यकर्त्यांची हुकमाची माणसे झाली होती. ब्रागांझांच्या विचारांची दिशा या अनुभवाने ठरली असे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून म्हणता येते. गोव्याचा प्रश्न गोव्यापुरता सुटणार नाही, ही त्यांची धारणा आयुष्यभर टिकली.

तिथून ते पोर्तुगालला आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्सला गेले. ग्रेनोबल आणि पॅरिस ही त्यांच्या शिक्षणाची गावे. पॅरिसमध्ये त्या काळी पोर्तुगीज वसाहतींतून आलेल्या तरुणांचा एक छोटा पण विलक्षण गट जमला होता. अंगोलाचे मारिओ द आंद्रादे आफ्रिकी लेखकांच्या ‘प्रेझांस आफ्रिकेन’ या नियतकालिकाच्या संपादनात होते. मोझांबिकचे कवी मार्सेलिनो दोस सान्तोस होते. गिनी-बिसाव आणि केप व्हर्देच्या लढ्याचे पुढारी अमिल्कार काब्राल यांचाही या वर्तुळाशी संबंध होता. यातल्या अनेकांची पहिली ओळख लिस्बनमधल्या वसाहतींच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाली होती. सालाझारने ते घर साम्राज्यनिष्ठ पिढी घडवावी म्हणून चालवले होते; त्यातून साम्राज्याचे शत्रू निघाले. ब्रागांझा या मंडळींत एकमेव गोमंतकीय नव्हते, पण आफ्रिकेच्या प्रश्नाला त्यांच्याइतके पूर्णपणे वाहून घेणारे दुसरे कोणी नव्हते.

याच काळात भारतात गोव्याचा प्रश्न तापत होता. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली मुक्त झाली. हा मुलूख तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर हद्दीला लागून असल्याने तिथल्या वारल्यांची आणि इकडच्या कार्यकर्त्यांची ये-जा त्या लढ्यात महत्त्वाची ठरली. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे आशिया-आफ्रिकेतील २९ देश एकत्र आले होते. वसाहती सोडण्याच्या मागणीला पोर्तुगालचे उत्तर ठरलेले होते : आम्हाला वसाहती नाहीतच. १९५१ मध्ये घटना दुरुस्त करून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणण्यात आले होते आणि १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश घेतल्यावर पोर्तुगालने याच नावाच्या आडून वसाहतींची माहिती देण्याचे नाकारले. लिस्बनच्या लेखी गोवा हा पोर्तुगालचा तुकडा होता आणि स्वातंत्र्य मागणारा गोमंतकीय देशद्रोही. ब्रागांझांसारख्या माणसाला पोर्तुगालच्या हद्दीत परतायचे तर गुप्त पोलिसांच्या, म्हणजे ‘पिदे’च्या तावडीत जावे लागणार होते. इथून त्यांचे परागंदा आयुष्य खऱ्या अर्थाने सुरू झाले.

१९५७ च्या सुमारास ते नव्याने स्वतंत्र झालेल्या मोरोक्कोत गेले. तिथे शिकवत असतानाच मोरोक्कोतील डाव्या चळवळीचे नेते मेहदी बेन बर्का यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आला. मोरोक्को हा त्या काळात अल्जीरियाच्या युद्धाचा पिछाडीचा तळ होता आणि आफ्रिकेतील चळवळींना तिथे आसरा मिळत होता. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद भरली आणि तिची कायम संघटना स्थापन झाली. पोर्तुगीज आद्याक्षरांवरून ती ‘कोन्सेपी’ या नावाने ओळखली जाई. अंगोला, गिनी-बिसाव व केप व्हर्दे, मोझांबिक, साव तोमे यांच्याबरोबर गोव्याच्या संघटनाही तिच्यात होत्या. मार्सेलिनो दोस सान्तोस तिचे सरचिटणीस झाले. ब्रागांझा तिच्या उभारणीत पहिल्यापासून होते. पाच वेगवेगळ्या भूभागांतल्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांना बांधणारा समान धागा एकच होता, तो म्हणजे त्यांचा राज्यकर्ता. त्याच्याशी एकेकट्याने न लढता एकत्र लढावे, हा विचार या संघटनेने व्यवहारात आणला.

भारत सरकारनेही हा विचार ओळखला होता. ऑक्टोबर १९६१ मध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींच्या प्रश्नावर परिसंवाद भरला. आफ्रिकी नेत्यांनी भारताला आग्रह केला, की गोव्याबाबत अधिक थांबू नका. गोवा मुक्त झाला तर आमच्या लढ्याला बळ येईल. दोन महिन्यांनी, १८ आणि १९ डिसेंबरला, भारतीय सेनेने गोवा, दमण आणि दीव मुक्त केले. या आग्रहाचा दिल्लीच्या निर्णयावर किती परिणाम झाला हे मोजता येणार नाही, पण गोवामुक्तीच्या मराठी वृत्तान्तात त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो आणि ही उणीव भरून निघायला हवी. पोर्तुगालने सूड मोझांबिकमध्ये उगवला. तिथल्या भारतीय नागरिकांना स्थानबद्ध करण्यात आले, त्यांची मालमत्ता जप्त झाली आणि पुढे हजारोंना देश सोडावा लागला.

ब्रागांझांसाठी गोव्याचे दार आता उघडले होते. वय सदतीस, हाती उत्तम शिक्षण. मायदेशी परतून प्रतिष्ठेचे आयुष्य जगणे अवघड नव्हते. ते परतले नाहीत. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि ते अल्जिअर्सला गेले. त्यांच्या परागंदा असण्याचा अर्थ इथे बदलला. तोवर ते गोव्याबाहेर होते कारण गोव्यात पोर्तुगीज होते. आता ते गोव्याबाहेर राहिले कारण पोर्तुगीज अजून आफ्रिकेत होते. त्यांच्या आयुष्यातील सगळ्यात मोठा निर्णय हाच म्हटला पाहिजे, आणि तो त्यांनी कोणताही गाजावाजा न करता घेतला.

साठच्या दशकातील अल्जिअर्स हे जगभरच्या मुक्तिसंघटनांचे माहेरघर होते. अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाव, दक्षिण आफ्रिका, पॅलेस्टाइन यांच्या कचेऱ्या तिथे होत्या. पोर्तुगालमधल्या सालाझारविरोधकांचेही मुख्य ठाणे तिथेच होते. फ्रेलिमोची स्थापना २५ जून १९६२ रोजी दार-एस-सलाममध्ये झाली आणि तिचे पहिले लढवय्ये प्रशिक्षणासाठी अल्जीरियातच आले. त्यांत समोरा माशेल नावाचा एक तरुण परिचारक होता. फ्रेलिमोचे अल्जिअर्समधील प्रतिनिधी म्हणून पुढे ओस्कार मोंतैरो यांनी काम केले. तेही गोमंतकीय वंशाचे, पण मोझांबिकमध्ये जन्मलेले. ब्रागांझांचे काम बंदुकीचे नव्हते, बातमीचे होते. ‘रेव्होल्यूशन आफ्रिकेन’ या साप्ताहिकात आणि इतर पत्रांत ते लिहीत. कैरोत जन्मलेले पत्रकार सिमॉन माले यांनी १९६९ मध्ये पॅरिसहून एक नियतकालिक सुरू केले, ते पुढे ‘आफ्रिक-आझी’ म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच्या संस्थापकांत ब्रागांझा होते.

या पत्रकारितेचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय त्यांची मुत्सद्देगिरी कळत नाही. मुक्तिसंघटनांची बातमी त्या काळी युरोपी वृत्तसंस्थांच्या चष्म्यातून येई. अंगोला आणि मोझांबिकमधले युद्ध म्हणजे ‘दहशतवाद्यांचा उपद्रव’ हा पोर्तुगालचा प्रचार बऱ्याच पत्रांत तसाच छापला जाई. ब्रागांझांसारखे पत्रकार संघटनांच्या नेत्यांशी तासन् तास बोलत, त्यांची कागदपत्रे मिळवत, त्यांच्यातले मतभेद जाणून घेत. पत्रकार म्हणून ते कुठेही जाऊ शकत, कोणालाही भेटू शकत, आणि ज्याला भेटत त्याच्याकडून प्रश्न विचारण्याच्या निमित्ताने बरेच काही काढून घेत. त्याच वेळी एका संघटनेचे म्हणणे दुसरीपर्यंत, आणि प्रसंगी शत्रूपर्यंत, त्यांच्यामार्फत पोहोचे. छापायचे काय आणि फक्त सांगायचे काय, याचा विवेक त्यांच्याजवळ होता. दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर विश्वास ठेवला तो या विवेकामुळे.

पत्रकार, मुत्सद्दी आणि परागंदा हे तिन्ही धागे एकाच आयुष्यात येणे त्या पिढीत दुर्मीळ नव्हते. इंडोनेशियाचे जावोतो हे ‘अंतारा’ वृत्तसंस्थेचे संपादक, आशिया-आफ्रिका पत्रकार संघाचे सरचिटणीस आणि १९६४ पासून चीनमधील राजदूत. १९६५ च्या उलथापालथीनंतर जाकार्तात सुहार्तो यांची लष्करी सत्ता आली. जावोतोंनी १९६६ मध्ये राजदूतपद सोडले आणि ते चीनमध्येच राहिले. पुढे ते हॉलंडला गेले आणि १९९२ मध्ये तिथेच वारले. बांडुंगच्या यजमान देशाचा राजदूत आपल्याच देशात परतू शकला नाही. केनियातील पिओ गामा पिंटो हे दुसरे उदाहरण, आणि ते तर गोमंतकीयच. १९२७ मध्ये नैरोबीत जन्मलेले, भारतात शिकलेले, गोवा मुक्तीच्या चळवळीत काम केलेले हे पत्रकार केनियात परतल्यावर माऊ माऊ बंडाच्या काळात ब्रिटिशांच्या स्थानबद्धतेत होते. केनिया स्वतंत्र झाल्यावर ते संसदेत गेले आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांच्या घराच्या फाटकापाशी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

हत्यांची ही मालिका ब्रागांझांच्या अगदी जवळून गेली. बेन बर्का यांचे २९ ऑक्टोबर १९६५ रोजी पॅरिसमध्ये भर रस्त्यातून अपहरण झाले आणि ते पुन्हा कधी दिसले नाहीत. फ्रेलिमोचे अध्यक्ष एदुआर्दो मोंडलेन ३ फेब्रुवारी १९६९ रोजी दार-एस-सलाममध्ये टपालाने आलेल्या पुस्तकात दडवलेल्या बॉम्बने मारले गेले. अमिल्कार काब्राल यांना २० जानेवारी १९७३ रोजी कोनाक्री येथे गोळ्या घालण्यात आल्या. काब्राल हे ब्रागांझांचे मित्र आणि त्यांच्या दृष्टीने या पिढीतले सर्वांत मोठे विचारवंत होते.

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला आणि ४८ वर्षांची हुकूमशाही एका दिवसात पडली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी लाल कार्नेशनची फुले खोवली, त्यावरून हा उठाव ओळखला जातो. आफ्रिकेतील तीन युद्धांनी थकलेल्या सैन्यानेच हे केले होते. पण वसाहतींचे काय करायचे यावर नव्या राज्यकर्त्यांत एकमत नव्हते. राष्ट्राध्यक्ष झालेले जनरल स्पिनोला यांना वसाहती सोडायच्या नव्हत्या. पोर्तुगालच्या छत्राखाली एक संघराज्य असावे आणि सार्वमत घ्यावे असा त्यांचा बेत होता. परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस युद्धविरामासाठी उतावीळ होते. आणि ज्यांनी उठाव केला ते कॅप्टन-मेजर दर्जाचे अधिकारी बहुतांशी वसाहती सोडून द्याव्यात या मताचे होते.

फ्रेलिमोपुढचा प्रश्न साधा आणि बिकट होता : लिस्बनमध्ये खरी सत्ता कोणाची? चुकीच्या माणसाशी बोलणी केली तर दहा वर्षांचे युद्ध वाया जाण्याचा धोका होता. ५ आणि ६ जूनला झांबियाची राजधानी लुसाका येथे पहिली बैठक झाली. सोआरेस यांनी फ्रेलिमोचे तेव्हाचे अध्यक्ष समोरा माशेल यांना मिठी मारली. ते छायाचित्र जगभर छापले गेले. पण बैठक फिसकटली. फ्रेलिमोची भूमिका पक्की होती : स्वातंत्र्य मान्य करा, मग युद्धविराम; सार्वमत नको. सोआरेस यांना असे काही कबूल करण्याचा अधिकारच नव्हता. त्यांच्यासोबत आलेले लष्करी प्रतिनिधी ओतेलो सारायव्हा द कार्व्हाल्यो यांचा कल मात्र उघडच फ्रेलिमोकडे होता. पोर्तुगालच्या शिष्टमंडळात एकवाक्यता नाही हे समोर बसलेल्यांच्या ध्यानात आले.

या काळात ब्रागांझा माशेल यांचे विश्वासू म्हणून लिस्बनला गेले. कितीतरी वर्षांनी ते त्या शहरात पाऊल ठेवत होते आणि वरकरणी त्यांचा परिचय पत्रकाराचाच होता. बोलून, ऐकून, माणसे जोखून त्यांनी नवी राजवट समजून घेतली. त्यांचा निष्कर्ष असा, की स्पिनोलांच्या पदाला मोठेपणा आहे, पण सैन्य त्यांच्या मागे नाही. वजन आहे ते उठाव करणाऱ्या सशस्त्र दल चळवळीतल्या अधिकाऱ्यांचे, आणि त्यांतला विचारी माणूस म्हणजे मेजर एर्नेस्तो मेलो आंतुनेस. आंतुनेस यांनी या चळवळीचा राजकीय कार्यक्रम लिहिला होता आणि जुलैमध्ये ते मंत्री झाले. त्यांच्याशी ब्रागांझांचा धागा जुळला. २७ जुलैला लिस्बनने कायदा करून वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क मान्य केला. त्याच सुमारास आंतुनेस गुप्तपणे दार-एस-सलामला जाऊन माशेल यांना भेटले आणि पुढच्या कराराचा सांगाडा तिथे ठरला.

७ सप्टेंबर १९७४ रोजी लुसाका येथे करार झाला. सत्ता फ्रेलिमोकडे जाईल, तोवर हंगामी सरकार राहील, आणि २५ जून १९७५ ला, म्हणजे फ्रेलिमोच्या तेराव्या वर्धापनदिनी, मोझांबिक स्वतंत्र होईल. त्याच दिवशी लोरेंसो मार्किसमध्ये, म्हणजे आजच्या मापुतोत, गोऱ्या वसाहतवाल्यांनी आकाशवाणी केंद्र ताब्यात घेऊन बंड केले, पण ते काही दिवसांतच मोडले. महिनाअखेरीस स्पिनोलांनी राजीनामा दिला. ब्रागांझांनी लिस्बनमधून आणलेला अंदाज खरा ठरला होता. निवडणुकीशिवाय एकाच संघटनेच्या हाती सत्ता सोपवण्याच्या या कराराची किंमत मोझांबिकला पुढे मोजावी लागली, असे मानणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचे म्हणणे बाजूला सारता येत नाही. मात्र १९७४ च्या त्या महिन्यांत सार्वमताचा अर्थ स्पिनोलांच्या देखरेखीखालचे सार्वमत असा होता, हेही लक्षात घ्यावे लागते.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, नवी दिल्लीत आणखी एक करार झाला. पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. सह्या होत्या मारिओ सोआरेस आणि भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या. लुसाकाला माशेल यांच्यासमोर बसलेले सोआरेसच दिल्लीत चव्हाणांसमोर बसले होते. गोव्याची मुक्ती पोर्तुगालने तेरा वर्षे मान्य केली नव्हती. आफ्रिकेतील लढ्यांनी लिस्बनची हुकूमशाही पाडली तेव्हाच ती मान्य झाली. कासाब्लांकाच्या परिषदेत जे सूत्र मांडले गेले होते त्याचा हा पुरावा होता.

स्वतंत्र मोझांबिकमध्ये ब्रागांझांनी मंत्रिपद घेतले नाही. १९७६ मध्ये मापुतोच्या एदुआर्दो मोंडलेन विद्यापीठात आफ्रिकी अध्ययन केंद्र सुरू झाले आणि ते त्याचे संचालक झाले. त्या वेळी देशात प्रशिक्षित माणसांचा इतका तुटवडा होता, की विद्यापीठे चालवणेही चैन वाटावी. दोन लाखांच्या आसपास पोर्तुगीज देश सोडून गेले होते. जाताना अनेकांनी यंत्रेही मोडून टाकली होती. अशा देशात संशोधन कशासाठी, याचे केंद्राचे उत्तर स्पष्ट होते : सरकारला उद्या जो निर्णय घ्यायचा आहे त्यासाठी. पहिला मोठा अभ्यास ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, प्रश्नावर झाला. मोझांबिकने मार्च १९७६ मध्ये ऱ्होडेशियाची सीमा बंद केली होती आणि त्याचा आर्थिक फटका स्वतःला बसत होता. १९७७ मध्ये केंद्राचे विद्यार्थी आणि अध्यापक दक्षिण मोझांबिकच्या खेड्यांत उतरले. तिथून पिढ्यान् पिढ्या पुरुष जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत मजुरीला जात. १९७५ मध्ये त्यांची संख्या लाखाच्या वर होती. दोन वर्षांत दक्षिण आफ्रिकेने ती निम्म्याहून खाली आणली. खाणकामगार परतला की त्याच्या शेताचे, कुटुंबाचे आणि गावाचे काय होते, हा अभ्यासाचा विषय होता. मुंबईच्या गिरण्यांवर घर चालवणारी कोकणातली आणि घाटावरची गावे आठवली तर त्या प्रश्नाचे गांभीर्य मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

या अभ्यासाची सूत्रे रूथ फर्स्ट यांच्याकडे होती. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या या पत्रकार आणि अभ्यासक स्वतःही परागंदा होत्या. ब्रागांझांनी त्यांना मापुतोत बोलावून संशोधनाची जबाबदारी सोपवली. दोघांचे स्वभाव भिन्न. फर्स्ट काटेकोर, वेळेच्या आणि मुदतीच्या पक्क्या. ब्रागांझा गप्पांतून विचार पुढे नेणारे, नाती जोडणारे, सत्ताधाऱ्यांपर्यंत पोहोच असलेले. केंद्राला दोघांचीही गरज होती. १७ ऑगस्ट १९८२ रोजी केंद्रातील आपल्या कार्यालयात फर्स्ट यांनी टपालाने आलेले पाकीट उघडले आणि स्फोट झाला. त्या जागीच मरण पावल्या. ब्रागांझा त्या वेळी त्याच खोलीत होते. ते आणि इतर सहकारी जखमी झाले. हा बॉम्ब दक्षिण आफ्रिकेच्या सुरक्षा पोलिसांनी पाठवला होता, हे पुढे त्या देशाच्या सत्य आणि समेट आयोगापुढे उघड झाले आणि क्रेग विल्यमसन या अधिकाऱ्याला त्या प्रकरणात माफी मिळाली.

ब्रागांझांचे स्वतःचे लेखन मोजके आहे. समाजशास्त्रज्ञ इम्मॅन्युएल वॉलरस्टीन यांच्यासोबत त्यांनी पोर्तुगीज वसाहतींतील मुक्तिसंघटनांच्या मूळ कागदपत्रांचे तीन खंड संपादित केले. पोर्तुगीज आवृत्तीचे नाव ‘शत्रू कोण?’ अशा अर्थाचे होते. इंग्रजी खंड १९८२ मध्ये आले. पत्रके, भाषणे, ठराव असे जे साहित्य एरवी विरून गेले असते ते यामुळे राहिले. १९७४-७५ च्या सत्तांतरावर त्यांनी निबंध लिहिला. आणि शेवटच्या वर्षी इतिहासकार जाक देपेल्शां यांच्यासोबत लिहिलेल्या निबंधात त्यांनी एक धाडसी मुद्दा मांडला : फ्रेलिमोच्या इतिहासाचे उदात्तीकरण पुरे, आता तो समजून घेतला पाहिजे. मुक्त केलेल्या प्रदेशांत लोकसत्ता जन्मली आणि स्वातंत्र्यानंतर ती देशभर पसरली, ही पक्षाची अधिकृत कथा. ती जशीच्या तशी स्वीकारल्याने अभ्यासक आजच्या अपयशाचे कारण शोधू शकत नाहीत, असा त्या निबंधाचा रोख होता. राष्ट्राध्यक्ष माशेल यांच्या निकटवर्ती माणसाने, एकपक्षीय राज्यात, युद्ध चालू असताना हे लिहावे याला मोल आहे.

युद्ध आता घरात आले होते. ऱ्होडेशियाच्या गुप्तहेर खात्याने उभे केलेले रेनामो हे बंडखोर दल १९८० नंतर दक्षिण आफ्रिकेच्या हाती गेले. शाळा, दवाखाने, रेल्वेमार्ग उद्ध्वस्त होत होते. दुष्काळाने भर घातली. १६ मार्च १९८४ रोजी माशेल यांनी दक्षिण आफ्रिकेशी न्कोमाती येथे अनाक्रमणाचा करार केला. मोझांबिकने तो पाळला, दक्षिण आफ्रिकेने पाळला नाही. या कठीण वर्षांत ब्रागांझा माशेल यांचे सल्लागार आणि बाहेरच्या जगाशी बोलणारे दूत म्हणून वावरत राहिले, पद न घेता.

१९ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री झांबियातील बैठकीहून परतणारे माशेल यांचे तुपोलेव-१३४ विमान मापुतोला पोहोचण्याऐवजी उजवीकडे वळले आणि दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनी येथील लेबोम्बो डोंगरावर आदळले. माशेल, ब्रागांझा आणि त्यांच्या सोबतचे बहुतेक जण ठार झाले. मोजके लोक वाचले. दक्षिण आफ्रिकेच्या मार्गो आयोगाने वैमानिकांना दोषी धरले. सोव्हिएत तज्ज्ञांचे म्हणणे असे, की खोटा रेडिओ संकेत सोडून विमान भरकटवले गेले. सत्य आणि समेट आयोगाने नव्वदच्या दशकात हा विषय पुन्हा उघडला, तरी निर्णायक उत्तर मिळाले नाही. म्बुझिनीच्या स्मारकाचे उद्घाटन १९९९ मध्ये नेल्सन मंडेला यांच्या हस्ते झाले.

मोझांबिकमधील युद्ध ४ ऑक्टोबर १९९२ च्या रोम करारापर्यंत चालू राहिले. आफ्रिकी अध्ययन केंद्र आजही मोंडलेन विद्यापीठात आहे आणि मापुतोत ब्रागांझांच्या नावाचे सामाजिक अध्ययन केंद्रही उभे राहिले. पोर्तुगीज समाजशास्त्रज्ञ बोआव्हेंतुरा द सूझा सान्तोस यांनी त्यांच्या विचारपद्धतीवर निबंध लिहून त्यांना पाखंडी मतांचा आचार्य म्हटले. त्यांच्या पत्नी, गोमंतकीय चित्रकार सिल्व्हिया ब्रागांझा यांनी २००९ मध्ये त्यांचे चरित्र पोर्तुगीजमध्ये प्रसिद्ध केले. पत्रे, आठवणी आणि सहकाऱ्यांची निवेदने यांच्या आधारे लिहिलेल्या या ग्रंथात बार्देशपासून मापुतोपर्यंतचा त्यांचा माग सलगपणे मिळतो.